कोथिंबिरीच्या साठ जुड्या

हिमानीची बाळंतपणाची रजा आधी पगारी होती. कुश तीन महिन्यांचा झाला आणि ती बिनपगारी झाली. त्याच आठवड्यात थोरल्या इलाच्या प्रीस्कूलची फी वाढल्याची ईमेल आली. सिद्धेशने ती दोनदा वाचली, लॅपटॉप मिटला आणि जाहीर केलं, "आजपासून ग्रोसरी माझ्याकडे."

हिमानी पुण्याची. कोणाच्याही घोषणेवर तिचा एकदम विश्वास बसत नाही. "म्हणजे तू नेमकं काय करणार?"

"ऑप्टिमाइझ."

सिद्धेश नागपूरचा. अमेरिकेत बॉथेल गावातल्या एका कंपनीत तो रडतखडत चालणारे प्रोग्रॅम भराभर चालते करायचा, आणि घरही साधारण प्रोग्रॅमसारखंच असतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पहिल्याच आठवड्यात त्याने फोनवर चार दुकानांची चार ॲप्स घेतली. दूध एकीकडे स्वस्त, डायपर दुसरीकडे, टोमॅटो तिसरीकडे, आणि या सगळ्यांच्या मधोमध फोर-ओ-फाइव्ह हायवेवर तुंबलेला ट्रॅफिक. दुधात वाचलेलं सगळं पेट्रोलमध्ये गेलं आणि टोमॅटो गाडीत पिकले. दुसऱ्या आठवड्यात एका कुपनच्या कृपेने मस्टर्डच्या चोवीस बाटल्या घरी आल्या. त्या संपाव्यात म्हणून सिद्धेश इलाला पोळीला मस्टर्ड लावून द्यायला लागला. "पपा, इट्स बर्निंग माय नोज," इला म्हणाली. ती सव्वाचार वर्षांची होती आणि तोवर तिचा बापावर पूर्ण विश्वास होता.

"जे लागतं तेवढंच आण ना," हिमानी म्हणाली.

"अगं, तसंच सगळे आणतात. म्हणून तर महाग पडतं."

हे सगळं त्याने ऑफिसात अमनला ऐकवलं. अमन त्याच्याच टीममधला, अविवाहित, रोज बाहेर जेवणारा. त्यामुळे ग्रोसरीवर त्याची मतं फार ठाम होती. तो म्हणाला, "यार, तू मुळात रिटेलमध्ये का घेतोस? रेस्टॉरंटवाले जिथून घेतात तिथून घे."

म्हणून त्या रविवारी सकाळी सिद्धेश कुशला छातीशी बांधून 'बिग लॅडल सप्लाय' नावाच्या गोडाऊनमध्ये गेला. आत विमान मावेल एवढी जागा होती. पांढरे ॲप्रन घातलेली माणसं मुकाट्याने ट्रॉल्या ढकलत होती. एका फळीवर बादलीएवढे लोणच्याचे डबे होते, दुसरीवर बाळाला झोपवता येईल एवढी कढई. सिद्धेशला अगदी आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

दारातल्या काउंटरवर एक मुलगी नवीन कार्डं करून देत होती. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि विचारलं, "बिझनेसचं नाव?"

सिद्धेश गडबडला. मागे रांग होती. छातीवर कुशने जांभई दिली.

"कुश," तो म्हणाला. "कुश्स... किचन."

"क्यूट! फूड कुठलं?"

"वऱ्हाडी," सिद्धेशच्या तोंडून निघून गेलं. स्पेलिंगही त्यानेच सांगितलं. मग स्क्रीनवर बऱ्याच चौकटी आल्या. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं की तुमचं नाव आणि फोन आमच्या लोकल बिझनेस बोर्डवर लावायला परवानगी दिलीत तर आजच्या खरेदीवर दहा टक्के सूट. दहा टक्के म्हटल्यावर सिद्धेशचं बोट आपोआप पुढे गेलं.

दुपारी तो घरी आला तेव्हा हिमानीने गाडीची डिकी उघडली. कांद्याचं एक पोतं, दह्याची एक बादली आणि एक भलंमोठं खोकं.

"यात काय आहे?"

"सांबार."

"डबाबंद?"

"डबाबंद कसा असेल? ताजा आहे."

नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे लग्नाला सात वर्षं झाली तरी हिमानीच्या डोक्यात बसलं नव्हतं. तिने खोकं उघडलं. आत बर्फाचा चुरा आणि साठ जुड्या कोथिंबीर.

"सिद्धेश. आपल्याला आठवड्याला एक जुडी लागते."

"पण एका जुडीला किती पडले माहितीये? ऐक तरी!"

"मला ऐकायचं नाहीये. हे ठेवणार कुठे?"

फ्रिजमध्ये अकरा जुड्या मावल्या, तेही दूध बाहेर काढल्यावर. उरलेल्या बाथटबमध्ये चार बोटं गार पाणी सोडून उभ्या केल्या. बाथरूम एकदम हिरवंगार झालं. इला टाळ्या पिटत म्हणाली, "वी हॅव अ फार्म!" आणि पुढचे तीन दिवस शाळेत, शेजारी, लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला ही बातमी देत राहिली. कुशची आंघोळ किचनच्या सिंकमध्ये होऊ लागली. मोठ्या माणसांच्या आंघोळीबद्दल कोणी बोलत नव्हतं.

त्या तीन दिवसांत कोथिंबिरीची चटणी झाली, पराठे झाले, पुलाव झाला. बुधवारी सिद्धेशने कोथिंबिरीचं सरबत केलं. ते त्याने एकट्यानेच प्यायलं.

गुरुवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हाय! इज धिस कुश्स किचन?"

सिद्धेशच्या एका हातात कुश होता, खांद्यावर ढेकर काढायचा टॉवेल होता. "धिस इज... कुश्स फादर," तो म्हणाला.

"ओ, फॅमिली बिझनेस! लव्ह इट. मी नैना चांदूरकर. मी फायरफायटर आहे, इथे बॉथेलजवळच. माझा मराठी थोडा ब्रोकन आहे हं." ती हसली. स्टेशनवर जेवण आळीपाळीने करतात, या आठवड्यात सामान आणायची पाळी तिची होती, आणि बिग लॅडलच्या बोर्डवर तिला 'वऱ्हाडी' हा शब्द दिसला होता. "मी लिटरली ओरडली तिथे! माझा डॅड अकोल्याचा आहे. तुम्ही सांबारवडी करता?"

सिद्धेशची नजर बाथरूमच्या दाराकडे गेली. "म्हणजे... तशी..."

"रविवारी आमच्या स्टेशनवर फॅमिली लंच आहे. तीस लोक. मला डॅडला सरप्राइज द्यायचं आहे. तो नेहमी सांगतो, लहान होता तेव्हा दर विंटरला आजी सांबारवडी करायची. सांगताना त्याच्या डोळ्यात पाणी येतो. आई गेल्यापासून तो एकटाच असतो, काही नीट खात पण नाही. तुम्ही प्लीज कराल?"

"आम्ही सध्या फार बिझी आहोत," सिद्धेश म्हणाला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याला हे वाक्य छान जमायचं.

तेवढ्यात बाथरूममधून इला किंचाळली, "पपा! देअर इज अ स्नेल इन द टब!"

"काय म्हणाली ती?" नैनाने विचारलं.

"काही नाही, आमची... स्टाफ आहे." सिद्धेशने बाथरूमचं दार पायाने ढकललं. नाही म्हणावं तर डोळ्यांत पाणी येणारा तो अकोल्याचा बाप समोर उभा राहत होता. हो म्हणावं तर आणखी भयंकर गोष्ट दिसत होती. सिद्धेश एच-वन व्हिसावर होता. नोकरी एका कंपनीत करायची आणि धंदा अजिबात करायचा नाही, हा नियम त्याला झोपेतही पाठ होता. वड्यांचे पैसे घेतले की धंदा झाला. त्याला ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू दिसला: पलीकडे ऑफिसर, टेबलावर कोथिंबिरीची एक जुडी, आणि प्रश्न, 'याबद्दल काय सांगाल?'

"करतो," तो म्हणाला. "पण पैसे घेणार नाही."

"व्हॉट? का?"

"ती आमची पॉलिसी आहे."

"केटरिंगची?"

"ओपनिंग ऑफर आहे," सिद्धेश म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

हिमानी सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तीस माणसं. फुकट. सेव्हिंग छान चाललंय तुझं."

"अगं, पैसे घेतले तर व्हिसा जाईल! आणि खरं सांगितलं तर ती स्टोअरला सांगेल, आणि स्टोअर..."

"स्टोअर काय करेल? कोथिंबीर परत मागेल?" हिमानीला हसू आवरेना. हसता हसता तिने विचारलं, "तुला येते का सांबारवडी?"

"खाता येते."

"मी तर खाल्लेलीही नाही. पण तीस माणसांना किती कोथिंबीर लागेल?"

"जवळजवळ सगळीच लागेल."

हिमानीने बाथरूमकडे पाहिलं. इला टबच्या कडेला बसून गोगलगायीला आपल्या शाळेचं गाणं म्हणून दाखवत होती. "मग करू या," हिमानी म्हणाली. "मला माझा टब परत हवा आहे."

शनिवारी सकाळी सिद्धेशने नागपूरला सुलेखा मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मस्टर्डच्या बाटलीला टेकवून ओट्यावर उभा केला. मावशी तिकडे रात्रीचं जेवण आटोपून निवांत बसली होती. सांबारवडीचं नाव निघताच ती ताठ झाली.

"खसखस आहे का?"

"आणली." ती आणायला त्याला दोन इंडियन स्टोअर पालथी घालावी लागली होती. आणि चारोळीचा भाव बघून त्याने एकदा डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला होता.

"खोबरं, तीळ, चिंचगुळाचं पाणी? बरं. सांबार निवडून धुऊन घ्या. आन् खडखडीत वाळव बरं का. पाण्याचा थेंब राहिला तर वडी तेलात फुटते. मग मला म्हणू नको मावशीनं सांगितलं नाही."

चाळीस जुड्या धुऊन खडखडीत वाळवायच्या कशा? चादरीवर पसरल्या तर पलंग, सोफा, इलाचं टेबल, सगळं भरलं. पंखा लावला तर पानं उडून पडद्याला चिकटली. हिमानीने केस वाळवायचा ड्रायर आणला, एक जुडी वाळायला इतका वेळ लागला की ती म्हणाली, "या वेगाने पुढच्या रविवारच्या लंचला पोचू." ती कुशला दूध पाजायला आत गेली, आणि सिद्धेश एकटा राहिला. तो एकटा राहिला की त्याला कल्पना सुचतात.

थोड्या वेळाने बाहेरून वॉशिंग मशीनचा आवाज आला.

"सिद्धेश, कपडे कशाला लावलेस आत्ता?"

"कपडे नाहीत!"

त्याने उशांच्या सहा अभ्र्यांत कोथिंबीर भरली होती, तोंडाशी गाठी मारल्या होत्या आणि मशीन नुसत्या स्पिनवर लावलं होतं. ओट्यावरून सुलेखा मावशी ओरडत होती, "काय करून राहिला रे? कायचा आवाज आहे तो? हिमानी, काय करून राहिला हा?"

कोथिंबीर खरंच वाळून निघाली. पाच अभ्र्यांतली. सहाव्याची गाठ सुटली होती, आणि पुढचे कितीतरी दिवस कुशची झबली धुऊन निघाली की त्यांवर वरून पेरल्यासारखी हिरवी पानं असायची.

चिरताना दोघांचीही बोटं हिरवी झाली. मावशीने तिकडून सारण परतवून घेतलं, बेसन आणि कणकेची पारी लाटायला लावली, पारीला चिंचगुळाचा मसाला फासायला लावला. सिद्धेशची पहिली वडी पाकिटासारखी दुमडण्याऐवजी उशीसारखी झाली. मावशी म्हणाली, "ती तू खा." हिमानीची मात्र पहिलीच वडी इतकी सुबक झाली की मावशी फोनच्या आत सरकल्यासारखी पुढे आली. "बाप्पा! पुण्याची आहेस ना तू?" हिमानीला हे कौतुक म्हणून घ्यावं की नाही ते कळलं नाही, पण तिने पुढच्या वड्या आणखी झोकात दुमडल्या. दुपारपर्यंत ताटं भरली आणि मावशीला झोप अनावर झाली. "तेल जास्त तापवू नका," एवढं सांगून तिने फोन ठेवला.

तेल जास्त तापलं.

तीन घाणे सोनेरी निघाले. चौथ्या घाण्यात त्या सहाव्या अभ्र्यातली कोथिंबीर होती. एक वडी 'फट्' करून फुटली, तेल शेगडीवर उडालं आणि काळ्या धुराचा एक जाड लोट छताकडे गेला. सिद्धेशने शेगडी बंद केली. छतावरचा अलार्म कोकलायला लागला. कुश रडायला लागला. हिमानी टॉवेल घेऊन अलार्मखाली फडफडवायला लागली.

"हवा जाऊ दे, हवा!" म्हणत सिद्धेश कॉरिडॉरच्या दाराकडे धावला.

"ते दार नको! खिडकी, खिडकी उघ..."

त्याने दार उघडलं. धूर कॉरिडॉरमध्ये गेला, आणि कॉरिडॉरचा अलार्म म्हणजे सगळ्या बिल्डिंगचा अलार्म. तिन्ही मजले एकदम ओरडायला लागले.

पाच मिनिटांत सगळे लोक खाली पार्किंग लॉटमध्ये होते. एक आजीबाई मांजर घेऊन आल्या होत्या. एक गृहस्थ नुसत्या बाथरोबमध्ये, डोक्याला साबण. सिद्धेशच्या अंगावर ॲप्रन होता आणि हातात तेल निथळणारा झारा, त्यामुळे हे कोणामुळे झालं ते कोणालाच विचारावं लागलं नाही. बाथरोबवाले गृहस्थ एकटक झाऱ्याकडे बघत होते.

सायरन वाजवत लाल गाडी आत वळली. इला आनंदाने उड्या मारायला लागली. हेल्मेट, जड कोट, बूट घातलेली चार माणसं उतरून बिल्डिंगमध्ये धावली, आणि शेवटचं माणूस पाठमोरं झालं तेव्हा सिद्धेशला त्याच्या कोटावरचं नाव दिसलं. चांदूरकर.

"हिमानी," तो पुटपुटला, "ती आहे."

"कोण ती?"

"आपली कस्टमर."

त्याने झारा पाठीमागे लपवला. तेवढ्यात वरून उंचापुरा कॅप्टन खाली आला, मागोमाग नैना. कॅप्टनने गंभीरपणे सांगितलं की आग नाही, फक्त धूर आहे, सगळे थोड्या वेळाने वर जाऊ शकतात. मग तो सिद्धेशकडे वळला. "सर, तो फ्लॅट तुमचा?"

"हो."

"तुमच्या बाथटबमध्ये काय आहे?"

"सिलँट्रो." कोथिंबिरीचं ते इथलं नाव.

"आणि वॉशिंग मशीनमध्ये?"

"तेच."

कॅप्टनने नोंदवही उघडली आणि तशीच मिटली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने बरंच काही पाहिलं असणार, पण पुढे काय विचारावं ते त्याला सुचत नव्हतं. नैनाने मात्र हेल्मेट काढलं. ती ॲप्रनकडे, पाठीमागून डोकावणाऱ्या झाऱ्याकडे, हिमानीच्या हिरव्या बोटांकडे बघत होती. "वेट," ती म्हणाली. "यू आर कुश्स किचन?"

इलाने हिमानीच्या कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवलं. "दॅट्स कुश. ही डझन्ट कुक."

मग सिद्धेशने सगळं सांगून टाकलं. रजा, फी, अमन, दहा टक्के सूट, व्हिसा, सगळं, आणि एका दमात. शेवटी तो म्हणाला, "सॉरी. बिझनेस नाहीये. कधीच नव्हता. पण वड्या खऱ्या आहेत."

नैना गाडीच्या चाकाला टेकून हसत सुटली. हसता हसताच तिने कॅप्टनला इंग्रजीत सगळं सांगितलं. कॅप्टन हसला नाही. तो म्हणाला, "या शेगडीवर एवढं तेल पुन्हा तापवायचं नाही. उरलेल्या उद्या स्टेशनवर आणा. आमच्या किचनला मोठा हूड आहे, आणि आग लागली तर आम्ही तिथेच असतो." मग जरा थांबून म्हणाला, "वर ओट्यावर ज्या तळलेल्या होत्या, त्यांतल्या दोन कमी झाल्या आहेत. तपासणीसाठी."

रविवारी कढीचं पातेलं, न तळलेल्या वड्यांची ताटं आणि दोन पोरं घेऊन सिद्धेश-हिमानी स्टेशनवर पोचले. इलाला गाडीत बसवून हेल्मेट दिलं, त्यामुळे तिच्यापुरती चिंता मिटली. हिमानी स्टेशनच्या किचनमध्ये तळायला उभी राहिली आणि दोन धिप्पाड फायरफायटर तिच्या दोन्ही बाजूंना ताट धरून उभे राहिले. एक घाणा निघाला की संपत होता.

बाराच्या सुमारास नैनाचे वडील आले. श्रीराम काका सडपातळ होते, कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत पांढरे वॉकिंग शूज. नैनाने त्यांचे डोळे मागून हातांनी झाकले, टेबलापर्यंत आणलं आणि हात काढले. "सरप्राइज, डॅड!"

समोर ताटात चार सांबारवड्या आणि वाटीत कढी होती.

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग पोरीकडे बघून हसले, वडी उचलली आणि मोठा घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नैनाने गळ्यात हात टाकले. दोघं-तिघं फायरफायटरही हळवे झाले. पुण्यातल्या बाईच्या हातची सांबारवडी अकोल्याच्या माणसाला रडवते म्हटल्यावर हिमानीला ते खरंच वाटेना.

थोड्या वेळाने नैना कोणाशी बोलायला गेली तशी काकांनी सिद्धेशला खूण केली. "तुम्ही नागपूरचे ना? जरा इकडे या." ते त्याला फायर ट्रकच्या आडोशाला घेऊन गेले. "वडी उत्तम आहे. अगदी माझ्या आईच्या हातची."

"थँक्यू, काका."

"म्हणूनच सांगतो. मला कोथिंबीर साबणासारखी लागते हो. जन्मापासून! आई थंडीत आठवड्यातून दोनदा सांबारवडी करायची, आणि संपवल्याशिवाय पाटावरून उठू द्यायची नाही. मी रडत रडत खायचो. हे मी नैनाला शंभर वेळा सांगितलंय."

"मग तिला..."

"मराठीत सांगितलंय," काका हताशपणे म्हणाले. "तिला त्यातलं आजी, थंडी, वडी आणि रडणं एवढंच कळलेलं दिसतंय."

सिद्धेशने वळून नैनाकडे पाहिलं. "मी सांगू का तिला?"

"अजिबात नाही!" काकांनी त्याचा दंड धरला. "बायको गेल्यापासून ही पोर दर आठवड्याला विचारते, डॅड, काय खावंसं वाटतं? मी म्हणतो, काही नाही. आज तिने शोधून शोधून हे आणलं. खाईन मी. साबण तर साबण."

आणि ते परत जाऊन बसले. दुसरी वडी त्यांनी कढीत बुडवून, जवळजवळ पिऊन टाकली. हिमानीला सिद्धेशने कानात सांगितल्यावर ती तिसऱ्या वडीबरोबर दोन वाट्या कढी घेऊन गेली. चौथी वडी मात्र कोणाचं लक्ष नाही असं बघून काकांनी रुमालात गुंडाळली आणि पँटच्या खिशात टाकली.

इलाचं लक्ष होतं. फायर ट्रकच्या सीटवरून तिला सगळं दिसत होतं. हेल्मेट सावरत ती मोठ्याने म्हणाली, "आजोबा, व्हाय डिड यू पुट द वडी इन युअर पॉकेट?"

सगळं स्टेशन काकांकडे वळलं. काकांनी खिशावर हात ठेवला. "ते... घरी न्यायला."

"ओह, डॅड," नैना म्हणाली.  "तू मागायचं ना!" आणि तिने धावत जाऊन उरलेल्यांतल्या बारा वड्या डब्यात भरून त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

निघताना स्टेशनच्या लोकांनी वर्गणी काढून एक पाकीट सिद्धेशपुढे केलं. पाकिटात पैसे आहेत म्हटल्यावर तो साप बघितल्यासारखा मागे सरला आणि व्हिसा, व्हिसा म्हणत गाडीत जाऊन बसला. त्याच्या मागोमाग श्रीराम काका आले. इकडेतिकडे बघत त्यांनी खिडकीतून डबा आत सरकवला. "हे तुम्ही न्या. आणि घरी या एकदा, मी पिठलं-भात करतो. वरून काहीही न पेरता."

ते खरंच गेले, पुढच्याच शनिवारी. काकांच्या गॅरेजमध्ये कपाटाएवढा फ्रीझर होता, बायकोने हौसेने घेतलेला, आणि त्यात आता एक बर्फाचा ट्रे आणि मटारचं एक पाकीट होतं. "एकट्या माणसाला काही आणताच येत नाही हो," काका म्हणाले. "छोटी पिशवी घ्यावी तर महाग. मोठी घ्यावी तर सडते." सिद्धेशने फ्रीझरकडे बघितलं, मग हिमानीकडे. हिमानी म्हणाली, "चालेल. पण काय घ्यायचं ते मी आणि काका ठरवणार. तू ड्राइव्ह कर."

तेव्हापासून दोन्ही घरांची खरेदी एकत्र व्हायला लागली. पहिल्या खेपेलाच सिद्धेशने बिग लॅडलच्या काउंटरवर जाऊन सगळ्या खोटेपणाची कबुली दिली आणि कार्ड पुढे ठेवलं. त्या मुलीला त्याला काय म्हणायचंय ते आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "बिझनेस नसला तरी चालतं. ती जागा रिकामी सोडायची." तिने दोन कळा दाबून कुशचं किचन बोर्डवरून काढून टाकलं. तिथून खरेदीची यादी संपेपर्यंत हिमानीचे खांदे मधून मधून हसण्याने हलत होते.

घरी जाताना काकांच्या गॅरेजमध्ये वाटणी असते. डाळ, तांदूळ, बटाटे काका किलोच्या तराजूवर तोलतात, कारण पाउंडावर त्यांचा अजूनही विश्वास नाही. इला एका स्टुलावर उभी राहून लिंबं मोजून देते, आणि तिला सोळानंतर एकदम वीस येत असल्यामुळे काकांकडे नेहमी तीन कमी जातात. हिमानीने एकदा दुरुस्त करायला तोंड उघडलं तर काकांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"ट्वेंटी," इला म्हणाली आणि टोपली पुढे सरकवली.

"बरोबर," काका म्हणाले. त्यांनी कुशला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि लिंबांची टोपली घेऊन आत गेले. "चला, सरबत घेऊनच जा. साखरेचं पोतं फोडलंय आज."